हा 'टी' कोण?



केबिन रोडवर राहणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने संगणकाच्या क्लासची वही माझ्यापुढे धरली आणि विचारले, "सर, हा 'टी' कोण? क्लासमध्ये पाठ करा म्हणतात." मी पडलो इतिहासाचा शिक्षक; उत्तर इतिहासातच शोधले.

समजा, यादीतून सर्वांत मोठे काय ते काढायचे आहे. गुणांसाठी एक कृती लिहिली, तारखांसाठी दुसरी, नावांसाठी तिसरी. पाहू गेल्यास पायऱ्या त्याच: पहिले हाती धरा, पुढच्याशी ताडून पाहा, मोठे असेल ते ठेवा. बदलतो तो फक्त प्रकार. मग प्रकाराच्या जागी 'टी' लिहून कृती एकदाच का लिहू नये? हीच जेनेरिक मेथड. 'टी' म्हणजे अंक की तारीख, हे ती वापरताना ठरते.

युक्ती जुनी आहे. नवव्या शतकात बगदादला अल-ख्वारिझ्मी अज्ञात संख्येला 'शय', म्हणजे 'वस्तू', म्हणे. 'अल्गोरिदम' हा शब्द त्याच्याच नावावरून आला. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त अज्ञातांना 'यावत्तावत्', 'कालक', 'नीलक' अशी नावे आहेत. (त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने मठ स्थापिल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. सहलीला अवश्य जावे.) त्यांनी नाव दिले ते अज्ञात संख्येला, संगणकवाल्यांनी ते अज्ञात प्रकाराला दिले, एवढाच फरक.

हे घडले १९७० च्या दशकात. एडिनबरोला रॉबिन मिल्नर यांची 'एमएल', अमेरिकेत एमआयटीमध्ये बार्बरा लिस्कोव्ह यांची 'क्लू' या भाषांत ही सोय आली. १९८३ च्या 'एडा' भाषेत तर 'जेनेरिक' हा शब्दच होता. तरीही १९९५ साली जाहीर झालेल्या जावा या ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषेत ती नव्हती. यादीत काहीही टाकावे, म्हणजे स्वयंपाकघरात बिनचिठ्ठीचे डबे! साखर समजून मीठ चहात पडले, हे कळायचे ते पाहुण्याने घोट घेतल्यावर. २००४ साली जावात जेनेरिक्स आले, डब्यांवर चिठ्ठ्या लागल्या. चुकीचा जिन्नस आता भरतानाच अडवला जातो. कार्यक्रम चालू होण्याआधीच कंपायलर चूक दाखवतो. 'गो' ही भाषा २००९ ची, पण तिलाही हे २०२२ मध्ये सुचले!

मात्र 'टी' म्हणजे वाटेल ते नव्हे. दोन छायाचित्रांत 'मोठे' कोणते? म्हणून आपल्या कृतीत 'टी' हा तुलना करता येणारा प्रकार असावा, अशी अट घालावी लागते. जावात तिचे नाव 'कंपेरेबल'.

खरे सांगायचे तर सनावळ्या पाठ करायला मीही कितीदा लावले आहे. क्लासला काय बोलू?

मुलाच्या वहीत त्याच कृतीची तीन पाने होती. दोन खोडून तिसऱ्यावर त्याने 'टी' लिहिला. अट लिहायची विसरला, ती चूक संगणकाने त्याच संध्याकाळी दाखवली.