वाहनाची झडती (अमली पदार्थ कायदा)

वाहनाची झडती म्हणजे रस्त्यावर अडवलेल्या किंवा उभ्या असलेल्या वाहनाची पोलीस अथवा अन्य अधिकृत अधिकाऱ्याने घेतलेली तपासणी होय. भारतात अशा झडतीत अमली पदार्थ सापडल्यास गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ (संक्षेपाने एनडीपीएस कायदा) या कायद्यानुसार कारवाई होते. हा कायदा १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अमलात आला. यातील शिक्षा अत्यंत कठोर असल्यामुळे झडतीच्या कार्यपद्धतीलाही विशेष महत्त्व आहे. मुद्देमाल मोठा असूनही कार्यपद्धतीचे पालन न झाल्याने आरोपी निर्दोष सुटल्याची उदाहरणे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत आढळतात.

वाहन अडवण्याचा अधिकार

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३० नुसार सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवणाऱ्याने गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यास चालक परवाना दाखवणे बंधनकारक आहे. नाकाबंदीच्या वेळी किंवा वाहतुकीचा नियम मोडल्यावर होणारी नेहमीची तपासणी प्रामुख्याने या कायद्याखाली होते. मात्र परवाना व कागदपत्रे पाहण्याचा अधिकार आणि डिकी उघडून सामान तपासण्याचा अधिकार या दोन भिन्न गोष्टी आहेत. सामानाच्या तपासणीला स्वतंत्र कायदेशीर आधार असावा लागतो.

अमली पदार्थांच्या बाबतीत हा आधार एनडीपीएस कायद्याच्या पुढील कलमांत आहे.

कलम ४२ : वाहन, इमारत किंवा बंदिस्त जागेत अमली पदार्थ असल्याचे मानण्यास कारण असल्यास अधिकृत अधिकाऱ्याला वॉरंटशिवाय झडती घेता येते. मिळालेली माहिती लेखी नोंदवावी लागते आणि तिची प्रत ७२ तासांच्या आत निकटच्या वरिष्ठाकडे पाठवावी लागते. सूर्यास्त ते सूर्योदय या काळात वॉरंटशिवाय झडती घ्यायची असल्यास तशी समजूत होण्याची कारणेही नोंदवावी लागतात. शिपाई किंवा कॉन्स्टेबल दर्जाच्या कर्मचाऱ्याला हा अधिकार नाही.

कलम ४३ : सार्वजनिक ठिकाणी किंवा वाहतुकीत असलेला माल जप्त करणे आणि संबंधित व्यक्तीस ताब्यात घेऊन तिची झडती घेणे. येथे कलम ४२ मधील लेखी नोंदीची अट नाही.

कलम ४९ : अमली पदार्थांची वाहतूक होत असल्याचा संशय असल्यास वाहन थांबवून त्याची व त्यातील मालाची तपासणी करणे.

खासगी वाहन आणि सार्वजनिक ठिकाण

कलम ४२ लागू होते की ४३, या प्रश्नावर अनेक खटल्यांचा निकाल अवलंबून राहिला आहे. कलम ४३ च्या स्पष्टीकरणानुसार ‘सार्वजनिक ठिकाण’ या संज्ञेत सार्वजनिक वाहन, हॉटेल, दुकान आणि जनतेला प्रवेश असलेल्या जागा येतात. खासगी वाहन सार्वजनिक रस्त्यावर उभे असले तरी ते या व्याख्येत बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बूटा सिंग विरुद्ध हरियाणा राज्य (२०२१) या प्रकरणात स्पष्ट केले. त्या प्रकरणात जीपमध्ये अफूच्या बोंडांचा चुरा सापडला होता. कलम ४२ चे अजिबात पालन न झाल्यामुळे आरोपींची मुक्तता झाली. राजस्थान राज्य विरुद्ध जग राज सिंग (२०१६) या प्रकरणातही न्यायालयाने जीप हे सार्वजनिक वाहन नसल्याचे मानले होते.

कलम ४२ चे पालन किती काटेकोर असावे, हे कर्नेल सिंग विरुद्ध हरियाणा राज्य (२००९) या निकालात घटनापीठाने ठरवून दिले. तातडीच्या प्रसंगी नोंद करण्यास किंवा प्रत पाठवण्यास उशीर झाला व त्याचे समाधानकारक स्पष्टीकरण दिले गेले, तर तो उशीर क्षम्य ठरतो. पूर्ण दुर्लक्ष मात्र क्षम्य नाही.

आकस्मिक सापडलेला मुद्देमाल

पूर्वमाहिती नसताना, नेहमीच्या तपासणीत योगायोगाने अमली पदार्थ हाती लागला तर काय, याचे उत्तर पंजाब राज्य विरुद्ध बलबीर सिंग (१९९४) या निकालात आहे. अशा प्रसंगी तोपर्यंतच्या कारवाईला एनडीपीएस कायद्याच्या विशेष अटी लागू होत नाहीत. मात्र पदार्थ अमली असल्याचे लक्षात आल्यापासून पुढील कारवाई त्या कायद्याप्रमाणेच करावी लागते. त्यामुळे नाकाबंदी नेहमीची होती की गुप्त माहितीवरून लावलेली होती, हा उलटतपासणीतील एक महत्त्वाचा मुद्दा असतो.

अंगझडती आणि कलम ५०

व्यक्तीची अंगझडती घ्यायची असल्यास निकटच्या राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती देण्याचा हक्क कलम ५० ने दिला आहे. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच घ्यावी, असेही हे कलम सांगते. पंजाब राज्य विरुद्ध बलदेव सिंग (१९९९) या निकालात घटनापीठाने या हक्काची जाणीव करून देणे अधिकाऱ्याचे कर्तव्य मानले. विजयसिंह चंदुभा जडेजा विरुद्ध गुजरात राज्य (२०१०) या निकालाने या अटीचे काटेकोर पालन आवश्यक ठरवले.

हे संरक्षण फक्त अंगझडतीपुरते आहे. हातातील पिशवी म्हणजे ‘व्यक्ती’ नव्हे, हे हिमाचल प्रदेश राज्य विरुद्ध पवनकुमार (२००५) या निकालात ठरले. वाहनालाही हेच तत्त्व लागू होते. पंजाब राज्य विरुद्ध बलजिंदर सिंग (२०१९) या प्रकरणात आरोपींच्या अंगझडतीत कलम ५० चे उल्लंघन झाले होते, पण मुद्देमाल वाहनातील पोत्यांत सापडलेला असल्याने तो पुरावा ग्राह्य राहिला.

‘जाणीवपूर्वक ताबा’

वाहनात एकाहून अधिक माणसे असल्यास पदार्थ कोणाच्या ताब्यात होता, हा प्रश्न निर्माण होतो. केवळ वाहनात बसलेले असणे पुरेसे नाही. पदार्थाची जाणीव आणि त्यावरील नियंत्रण या दोन्ही गोष्टी असाव्या लागतात. अवतार सिंग विरुद्ध पंजाब राज्य (२००२) या प्रकरणात पोत्यांजवळ बसलेल्या आरोपींचा ताबा सिद्ध न झाल्याने ते सुटले. याउलट मदनलाल विरुद्ध हिमाचल प्रदेश राज्य (२००३) या प्रकरणात मोटारीतील एका पिशवीत चरस सापडला असता, एकत्र प्रवास करणाऱ्या सर्वांचा जाणीवपूर्वक ताबा न्यायालयाने मान्य केला.

ताबा सिद्ध झाल्यावर कलम ३५ व ५४ मधील गृहीतके आरोपीविरुद्ध जातात आणि आपल्याला जाणीव नव्हती हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर येतो. मात्र ताब्याची मूलभूत वस्तुस्थिती आधी सरकार पक्षाने सिद्ध केली पाहिजे, असे नूर आगा विरुद्ध पंजाब राज्य (२००८) हा निकाल सांगतो.

प्रमाण आणि शिक्षा

२००१ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा पदार्थाच्या प्रमाणावर ठरते. काही पदार्थांची प्रमाणे अशी आहेत :

गांजा : अल्प १ किलो, व्यापारी २० किलो
चरस : अल्प १०० ग्रॅम, व्यापारी १ किलो
अफू : अल्प २५ ग्रॅम, व्यापारी २.५ किलो
हेरॉईन : अल्प ५ ग्रॅम, व्यापारी २५० ग्रॅम
कोकेन : अल्प २ ग्रॅम, व्यापारी १०० ग्रॅम

अल्प प्रमाणासाठी एक वर्षापर्यंत सश्रम कारावास, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. मधल्या प्रमाणासाठी दहा वर्षांपर्यंत सश्रम कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होतो. व्यापारी प्रमाणासाठी किमान दहा ते कमाल वीस वर्षे सश्रम कारावास आणि किमान एक लाख रुपये दंड आहे. व्यापारी प्रमाणाच्या गुन्ह्यात कलम ३७ मुळे जामीन मिळणे अवघड असते. आरोपी दोषी नाही असे मानण्यास वाजवी कारण आहे आणि तो जामिनावर असताना पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता नाही, याबद्दल न्यायालयाची खात्री व्हावी लागते.

यामुळे वजन कसे केले, याला निर्णायक महत्त्व येते. कायद्याच्या व्याख्येनुसार गांजा म्हणजे गांजाच्या झाडाचे फुलोरे व फळे धरलेले शेंडे. शेंड्यांसोबत नसलेली पाने आणि बिया त्यात मोडत नाहीत. दुसरीकडे, हिरा सिंग विरुद्ध भारत सरकार (२०२०) या निकालानुसार अमली पदार्थात भेसळ म्हणून मिसळलेल्या अन्य द्रव्याचे वजनही एकूण वजनात धरले जाते.

जप्ती आणि नमुने

जप्त मालाची यादी, छायाचित्रे आणि नमुने दंडाधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घेण्याची पद्धत कलम ५२अ मध्ये आहे. नमुने दंडाधिकाऱ्याच्या उपस्थितीत काढावेत, असे भारत सरकार विरुद्ध मोहनलाल (२०१६) या निकालात म्हटले आहे. मात्र या कलमाचे पालन झाले नाही एवढ्याच कारणाने खटला कोसळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले. अटक किंवा जप्तीचा सविस्तर अहवाल ४८ तासांत वरिष्ठाकडे देण्याची तरतूद कलम ५७ मध्ये आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती व जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रीकरण आवश्यक केले आहे.

तोफान सिंग विरुद्ध तमिळनाडू राज्य (२०२०) या बहुमताच्या निकालानुसार कलम ६७ खाली अधिकाऱ्यांनी घेतलेला जबाब कबुलीजबाब म्हणून वापरता येत नाही.

वाहन मालकाची जबाबदारी

वाहनाचा वापर गुन्ह्यासाठी होऊ देणाऱ्या मालकाला कलम २५ लागू होते, मात्र त्यासाठी त्याला तशी जाणीव असली पाहिजे. कलम ६० खाली वाहन सरकारजमा होऊ शकते. हा वापर मालकाच्या, त्याच्या प्रतिनिधीच्या आणि वाहन ज्याच्या ताब्यात होते त्याच्या माहितीशिवाय किंवा संगनमताशिवाय झाला व त्यांनी वाजवी खबरदारी घेतली होती, हे मालकाने सिद्ध केल्यास वाहन वाचते. खटला चालू असताना वाहन मालकाला अंतरिम ताब्यात देता येते, असे विश्वजित डे विरुद्ध आसाम राज्य (२०२५) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. पोलीस ठाण्याच्या आवारात वर्षानुवर्षे उभी राहून गंजणारी वाहने हा या प्रश्नाचा व्यावहारिक भाग आहे.

बेकायदा झडतीचे परिणाम

भारतात झडती बेकायदा होती एवढ्याच कारणावरून पुरावा आपोआप वगळला जात नाही, हे तत्त्व पूरणमल विरुद्ध आयकर तपास संचालक (१९७४) या निकालापासून रूढ आहे. पुराव्याची विश्वासार्हता मात्र अधिक काटेकोरपणे तपासली जाते. कलम ५० चा भंग याला अपवाद आहे. त्याचा भंग करून अंगझडतीत मिळालेला पदार्थ ताब्याचा पुरावा म्हणून वापरता येत नाही. वाजवी संशयाशिवाय वाहनाची झडती घेणाऱ्या किंवा त्रास देण्याच्या हेतूने जप्ती वा अटक करणाऱ्या अधिकाऱ्याला कलम ५८ खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जाणूनबुजून खोटी माहिती देऊन अशी झडती किंवा अटक घडवून आणणाऱ्यालाही शिक्षेची तरतूद आहे.

अन्य देशांतील स्थिती

अमेरिकेत बेकायदा झडतीतून मिळालेला पुरावा सामान्यतः वगळला जातो. मात्र संभाव्य कारण असल्यास वॉरंटशिवाय मोटारीची झडती घेण्यास कॅरोल विरुद्ध अमेरिका (१९२५) या निकालाने मुभा दिली. रॉड्रिगेझ विरुद्ध अमेरिका (२०१५) या निकालानुसार वाहतूक नियमभंगासाठी अडवलेले वाहन, वाजवी संशय नसताना, केवळ श्वानाकडून हुंगवून घेण्यासाठी अधिक वेळ रोखून ठेवता येत नाही.

हे सुद्धा पाहा

पंचनामा
नाकाबंदी
मोटार वाहन अधिनियम, १९८८
भारतीय नागरिक सुरक्षा संहिता