हीट पंपासाठी घराची योग्यता (वसई-विरार)

हीट पंप किंवा उष्णता पंप हे कमी तापमानाच्या ठिकाणची उष्णता शोषून ती अधिक तापमानाच्या ठिकाणी पोहोचवणारे यंत्र आहे. फ्रिज आणि वातानुकूलन यंत्रही याच तत्त्वावर चालतात. थंड देशांत हीट पंप मुख्यतः खोल्या उबदार ठेवण्यासाठी बसवला जातो. म्हणून तेथे भिंती आणि खिडक्यांतून किती उष्णता बाहेर जाते हे आधी तपासतात. पालघर जिल्ह्यातील वसई-विरार या किनारी शहरात खोल्या तापवण्याची गरजच पडत नाही. येथे हीट पंपाचा उपयोग पाणी तापवण्यापुरता असून घराची योग्यताही त्याच दृष्टीने पाहावी लागते.

हवामान

बाहेरची हवा जितकी उबदार, तितके हीट पंपाचे काम सोपे होते. वसईच्या किनाऱ्यावर हिवाळाही सौम्य असतो, त्यामुळे थंड प्रदेशांप्रमाणे यंत्राच्या नळ्यांवर बर्फ साचण्याचा प्रश्न येत नाही. दमट हवेतील बाष्प नळ्यांवर द्रवरूप होताना आपली उष्णता यंत्राला देते. अशा हवामानात एक युनिट विजेच्या मोबदल्यात पाण्याला सुमारे तीन युनिट उष्णता मिळू शकते. साध्या गीझरमध्ये हे प्रमाण एकास एकापेक्षा अधिक होऊच शकत नाही.

पाण्याची गरज

हवामान अनुकूल असले तरी प्रत्येक घराला हीट पंप परवडतोच असे नाही. चार माणसांच्या कुटुंबात प्रत्येकी २० लिटरची एक बादली धरल्यास रोज ८० लिटर पाणी लागते. ते २५ अंशांवरून ४० अंश सेल्सिअसपर्यंत तापवण्यास सुमारे १.४ युनिट उष्णता पुरते. हीट पंप तेवढे काम अर्ध्या युनिटच्या आसपास विजेत करतो. म्हणजे बचत दिवसाला एक युनिटही भरत नाही. शिवाय टाकीत साठवलेल्या पाण्याची उष्णता हळूहळू झिरपते आणि उन्हाळ्यात अनेक जण गार पाण्यानेच आंघोळ करतात. नालासोपारा किंवा विरारमधील लहान सदनिकेत, जेथे बादलीनेच आंघोळ होते, तेथे यंत्राची किंमत वसूल होण्यास दीर्घ काळ लागतो. मोठे एकत्र कुटुंब, वसतिगृह, रुग्णालय किंवा विश्रामगृह असेल तर हिशेब बदलतो.

जागा आणि बांधकाम

यंत्राभोवती हवा खेळती हवी. ते बंद न्हाणीघरात किंवा जाळीने वेढलेल्या अरुंद गच्चीत बसवल्यास आपणच थंड केलेली हवा पुन्हा ओढते आणि कार्यक्षमता घटते. २०० लिटरच्या टाकीत पाण्याचेच वजन २०० किलो भरते. टाकी व यंत्राचे वजन वेगळे. त्यामुळे पुढे काढलेल्या सज्जावर ते ठेवण्यापूर्वी अभियंत्याचे मत घेणे अत्यावश्यक आहे. ३० वर्षांहून जुन्या इमारतींचे संरचनात्मक परीक्षण महाराष्ट्रात बंधनकारक असून त्याचा अहवाल येथे उपयोगी पडतो. सामाईक गच्चीवर यंत्र बसवायचे असल्यास गृहनिर्माण संस्थेची परवानगी लागते. यंत्र न्हाणीघरापासून दूर असेल तर दर वेळी नळीतले गार पाणी वाया जाते, हा तोटा खरेदीच्या वेळी सहसा लक्षात घेतला जात नाही.

अर्नाळा, निर्मळ, भुईगाव अशा पश्चिमेकडील गावांत स्वतंत्र घरे आणि अंगण असल्याने जागेची अडचण कमी असते. एकेकाळी अंगणातच तांब्याचा बंब पेटत असे, त्या जागेवर हे यंत्र सहज मावते. मात्र खाऱ्या वाऱ्याने धातूचे भाग गंजतात. सखल भागात पुराचाही विचार करावा लागतो. जुलै २०१८ मधील अतिवृष्टीत वसई व नालासोपाऱ्याचे अनेक भाग पाण्याखाली गेले होते. अशा ठिकाणी यंत्र पूररेषेच्या वर, चौथऱ्यावर बसवावे.

पाणी आणि वीज

सूर्या, उसगाव आणि पेल्हार या स्रोतांचे पाणी शहराला मिळते, पण अनेक घरे विहीर, कूपनलिका किंवा टँकरवरही अवलंबून असतात. अशा पाण्याचा खारटपणा व कठीणपणा आधी तपासणे हिताचे, कारण क्षारांचा थर उष्णतेचे वहन अडवतो आणि टाकी लवकर खराब होते. विजेच्या बाबतीत अडचण कमी येते: घरगुती यंत्राचा भार सहसा २ किलोवॉटच्या गीझरपेक्षा कमी असतो. तरी स्वतंत्र एमसीबी आणि योग्य अर्थिंग आवश्यक आहे. सौर बंबाप्रमाणे पावसाळी ढगांचा या यंत्रावर परिणाम होत नाही, मात्र वीज गेली की टाकीत आधी तापवून ठेवलेले पाणीच काय ते उरते.