न्यायमूर्तीची पात्रता

हायकोर्टाचा न्यायाधीश निवडताना काय पाहावे? राज्यघटनेचे २१७ वे कलम दहा वर्षांची वकिली किंवा न्यायखात्यातील नोकरी मागते. आम्हां कामगारांना मात्र टिळकांचे दोन खटले आठवतात. १८९७ साली बॅरिस्टर दावरांनी टिळकांसाठी जामीन मागितला. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी तो दिला. १९०८ साली तेच दावर न्यायासनावर होते. त्यांनी जामीन नाकारला आणि ज्यूरीतल्या नवांपैकी सातांच्या मतावर सहा वर्षांची हद्दपारी ठोठावली. तय्यबजी बॅरिस्टर, दावरही बॅरिस्टर. कागदावर दोघे सारखेच लायक! (वकील मंडळींनी राग मानू नये.) सरकारपुढे ताठ मानेने बसण्याची लायकी कोणत्या सनदेत लिहितात? मुंबईच्या गिरणी कामगारांनी तेव्हा सहा वर्षांना सहा दिवस संप केला.