दुसरी जखम

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेची हकिकत छापून आली. कावसजी हा इंग्रजांच्या फौजेतला गाडीवान. टिपूच्या कैदेत त्याचं नाक कापलं गेलं होतं. इथल्या एका वैद्याने कपाळावरची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक दिलं. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, आणि ते बरोबरच आहे. पण सोबतच्या चित्रात कावसजीच्या कपाळावरचा वणही दिसतो. नाकाचा इतिहास भरपूर लिहिला गेला, कपाळाचा फारसा नाही. मला कुतूहल आहे ते या दुसऱ्या जखमेचं: जिथून कातडी घेतली, त्या जागेचं पुढे काय होतं?

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडता येऊ लागल्या आणि कातडी शेजारचीच घ्यायचं बंधन सुटलं. चीनमध्ये शेन्यांगच्या लष्करी रुग्णालयात यांग ग्वोफान आणि सहकाऱ्यांनी मनगटाच्या वरची कातडी रेडियल धमनीसकट उचलून दुसरीकडे जोडली. १९८१ मध्ये त्यांनी हे काम प्रसिद्ध केलं. पुढे या तुकड्याला 'चायनीज फ्लॅप' असंही नाव पडलं. १९८३ मध्ये ग्लासगोच्या डेव्हिड सूटार यांच्या गटाने तो तोंडाच्या आत वापरला. पातळ, लवचीक, लांब रक्तवाहिनी असलेली ही कातडी जिभेच्या किंवा गालाच्या जागी बेमालूम बसते. तंबाखू आणि मिश्रीच्या आपल्या मुलखात याचं मोल वेगळं सांगायला नको.

धमनी काढून घेतल्यावर पंजा जगतो तो मुख्यतः दुसऱ्या, अल्नर धमनीवर. ती पुरेशी आहे का, हे एडगर ॲलन यांच्या १९२९ च्या साध्या चाचणीच्या सुधारित रूपाने पाहतात: मूठ आवळायची, दोन्ही धमन्या दाबायच्या, मग अल्नर सोडायची आणि तळहात पुन्हा लाल होतो का ते बघायचं.

खरी अडचण कंडरांची. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या या दोऱ्या मनगटाजवळ अगदी वर असतात. मांडीवरून सोललेला कातडीचा पातळ पापुद्रा त्यांच्यावर बसवला, तर तो खालून मिळणाऱ्या रक्तावरच जगतो. कंडरेवरचं नाजूक आवरण शाबूत असेल तर तो धरतो. ते फाटलं तर उघड्या कंडरेवर तो मरतो आणि जखम आठवडेच्या आठवडे रेंगाळते. शिवाय मांडीवर तिसरी जखम झालेली असतेच.

माझ्या मामाच्या जिभेसाठी कातडी घेतली ती डाव्या हाताची. जिभेबद्दल तो कधी कुरकुरला नाही. मेमध्येही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो, कारण लोकलमध्ये लोक विचारतात, "भाजलं का हो?" मनगटावरचा तो खोलगट, वेगळ्या रंगाचा चौकोन कुणालाही दिसतो. नवी जीभ कुणाला दिसत नाही.

शल्यविशारदांनी हे ओळखलं होतं. १९८८ मध्ये इलियट आणि सूटार यांच्या गटाने, जखम फार मोठी नसेल तर, अल्नर बाजूचीच कातडी इंग्रजी व्ही-वायच्या आकारात सरकवून ती थेट मिटवली. रंग तोच, मांडीला हात लावायचा नाही. १९९६ मध्ये तैवानच्या चांग गुंग रुग्णालयातल्या गटाने मुळातच बदल सुचवला: तुकडा उचलतानाच खालचं तंतूंचं आच्छादन जागेवर ठेवायचं, म्हणजे कंडरा उघड्या पडतच नाहीत. पोटावरची पूर्ण जाडीची कातडी, कडेने दोरा ओवून बटव्यासारखी आवळलेली जखम, हवा शोषून घेणारी बंद पट्टी, असेही मार्ग निघाले. पोटाच्या कातडीची सोय अशी की तिथली जखम टाके घालून मिटते.

यातली पूर्ण जाडीची कलमं 'वुल्फ ग्राफ्ट' या नावाने ओळखली जातात. ग्लासगोच्याच जॉन वुल्फ यांनी १८७५ मध्ये पापणी दुरुस्त करायला तसा तुकडा घेतला होता, आणि तोही हाताच्याच कातडीचा. शंभर वर्षांनी त्याच शहरात हात पुन्हा देणारा ठरला, आणि त्याला परत काय द्यायचं हा प्रश्नही तिथेच नेटाने हाताळला गेला.

आज अनेक ठिकाणी मांडीचा फ्लॅप पसंत करतात, कारण तिथली जखम बहुतेकदा थेट शिवता येते आणि कपड्याखाली झाकते. पण मांडीची कातडी जाड, चरबीची; जिभेला ती नेहमी मानवत नाही. त्यामुळे हात अजूनही मागितला जातो. एवढ्या पद्धती शेजारी शेजारी नांदतात, यावरूनच कळतं की एकही सगळ्यांना पुरलेली नाही. मात्र कावसजीच्या काळापासून एक फरक नक्की पडला आहे: ती जखम कशी मिटवायची, हे आता पहिला छेद घेण्याआधी ठरवतात.