आजीची चाळीस सेकंदं आणि शंभर वर्षांपूर्वीचे आवाज

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जे जसं आलं, ते बरंचसं तसंच ठेवलं आहे.)

आजचा भाग माझ्या जुन्या फोनमधल्या एका ऑडिओ फाइलपासून सुरू होतो. फाइल जेमतेम चाळीस सेकंदांची. आवाज माझ्या आजीचा. ती म्हणते, "त्या रातीला आमी दोन-दोन अडसर लावलं व्हतं. सासूबाई म्हणाल्या, कुणीबी हाक मारू दे, दार उघडायचं न्हाई." मग मागे कुकरची शिट्टी होते, कुणीतरी हसतं आणि रेकॉर्डिंग संपतं.

आजी २०२० मध्ये गेली. गेल्या दिवाळीत मी जुन्या फोनचा बॅकअप उघडला, तेव्हा ही फाइल सापडली. नावाच्या जागी नुसते आकडे. मी घरात सगळ्यांना ऐकवली. बाबा गप्प झाले, काकूच्या डोळ्यांत पाणी आलं. पण "ती रात्र कुठली?" या प्रश्नाचं उत्तर एकाकडेही नव्हतं. दरोड्याची भीती होती? १९४८ साली आमच्या सातारा भागात जाळपोळ झाली, ती रात्र? की गावात बिबट्या आला होता? ज्यांना माहीत असायची शक्यता होती, त्या थोरल्या आत्याही आता नाहीत. आवाज आहे, गोष्ट मात्र गेली.

मी ठरवलं, निदान एका शब्दाचा तरी माग काढू. अडसर. आपण हा शब्द फक्त बातम्यांत ऐकतो: प्रकल्पात अडसर, युतीत अडसर. म्हणजे अडथळा. पण अडसर 'लावतात' कसा?

फोनवर शोधता शोधता मी थेट अमेरिकेत पोचलो. शिकागो विद्यापीठाचं एक डिजिटल संग्रहालय आहे, 'डिजिटल साउथ एशिया लायब्ररी'. तिथे १८५७ सालचा मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश आहे आणि त्यात फोनवरून, फुकट, शब्द शोधता येतो. अडसर टाकला. पहिलाच अर्थ दाराचा. दार आतून बंद केल्यावर मागे आडवं सरकवायचं लाकूड, तो अडसर! अडथळा हा अर्थ त्यातूनच पुढे आला असणार. आजीच्या वाक्यातली ती रात्र एकदम डोळ्यांसमोर आली. मोठा दरवाजा, मागे एकाखाली एक दोन लाकडं आणि आत श्वास रोखून बसलेल्या बायका.

आता या शब्दकोशाबद्दल थोडं. जेम्स मोल्सवर्थ हा ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातला अधिकारी. कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी, वाढवलेली, १८५७ ची. मुखपृष्ठावर त्याचं नाव आहे, आणि मदतनीस म्हणून जॉर्ज आणि थॉमस कँडी या भावांची. प्रत्यक्षात शब्द गोळा करायला, अर्थ सांगायला इथले शास्त्रीपंडित बसले होते. त्यांची नावं मुखपृष्ठावर नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

खरं सांगू का? 'विद्यापीठाचं डिजिटल संग्रहालय' म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर पोथ्या आणि पीएचडीचे प्रबंध यायचे. पण शिकागोच्या या एका संग्रहात काय काय आहे बघा. ब्रिटिश काळातला 'इम्पीरियल गॅझेटियर', म्हणजे जिल्ह्या-जिल्ह्यांची माहिती देणारे जाडजूड खंड. जोसेफ श्वार्ट्सबर्ग यांचा १९७८ सालचा दक्षिण आशियाचा ऐतिहासिक नकाशासंग्रह. सरकारी आकडेवारीची पुस्तकं, ज्यांच्यात शेती, रेल्वे, तुरुंग आणि शाळा यांचे तक्ते एकामागोमाग येतात. आणि फोटो! दुसऱ्या महायुद्धात ग्लेन हेन्स्ली नावाचा एक अमेरिकन सैनिक कलकत्त्याजवळ होता. १९४४ साली त्यानं तिथल्या रस्त्यांचे, बाजाराचे, साध्या माणसांचे फोटो काढले. बंगालच्या भयंकर दुष्काळाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. तो इतिहासकार नव्हता, त्यानं नुसते फोटो काढले. आज ते इतिहासाचं साधन आहेत.

आणि हे फक्त परदेशातच आहे असं नाही. पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयानं जुनी, दुर्मीळ पुस्तकं आणि अहवाल स्कॅन करून ऑनलाइन ठेवलेत.

पण मला ज्यानं खरंच थांबवलं, ते शिकागोच्या संग्रहातले आवाज होते.

गोष्ट अशी. जॉर्ज ग्रिअर्सन, डब्लिनजवळ जन्मलेला आयसीएस अधिकारी. १८९८ पासून त्यानं 'लिंग्विस्टिक सर्व्हे ऑफ इंडिया' हे अवाढव्य काम हाती घेतलं: हिंदुस्थानातल्या भाषांची आणि बोलींची पाहणी. १९०३ ते १९२८ या काळात त्याचे ११ खंड निघाले. पाहणीची पद्धत साधी होती. जिल्ह्या-जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना सांगायचं, की तुमच्याकडच्या बोलीत एक ठरावीक गोष्ट लिहून पाठवा. गोष्ट कुठली? बायबलमधली उधळ्या पुत्राची. धाकटा मुलगा वाटणी मागतो, परगावी जाऊन पैसा उडवतो, उपाशी मरायची वेळ येते, मग घरी परततो आणि बाप त्याला पोटाशी धरतो.

हीच का? कारण त्यात मी-तू-तो ही सर्वनामं येतात, नामाच्या बहुतेक विभक्ती येतात, तिन्ही काळ येतात. इथल्या लोकांना खटकतील असे काही शब्द त्यानं बदलूनही घेतले. म्हणजे व्याकरण तपासायला ही अगदी सोयीची गोष्ट.

पण कागदावर हेल उतरत नाही. 'काय गं' हे कोल्हापुरात कसं म्हणतात आणि नागपुरात कसं, हे लिहून कसं दाखवणार? म्हणून १९१३ च्या सुमारास ग्रामोफोन रेकॉर्ड करायला सुरुवात झाली आणि ते काम १९२९ पर्यंत चाललं. शंभराच्या आसपास भाषा आणि बोली. मायक्रोफोनवर रेकॉर्डिंग १९२५ च्या सुमारास आलं. त्याआधी मोठ्या भोंग्यासमोर उभं राहून, आवाज चढवून बोलावं लागायचं. त्या तबकड्यांवरचे आवाज आता शिकागोच्या त्याच संग्रहात ऐकता येतात.

मी रात्री हेडफोन लावून ऐकत बसलो. खरखर आणि त्यामागे एक माणूस. भाषा मला कळत नव्हती. पण गोष्ट माहीत होती, त्यामुळे कळत होतं, की आता मुलगा घर सोडतोय. आता तो परत येतोय. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी ही घरी परतण्याची गोष्ट आपल्या बोलीत सांगतोय आणि मी पुण्यात फ्लॅटमध्ये ऐकतोय. अंगावर काटा आला.

आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली. ही गोष्ट त्याची नव्हतीच! ती त्याला दिलेली होती. काही रेकॉर्डवर लोककथा आहेत, गाणी आहेत, पण बऱ्याच जणांच्या तोंडी हीच गोष्ट. त्या माणसाच्या गावात तेव्हा काय चाललं होतं, त्याच्या घरी कोण होतं, त्याला स्वतःला काय सांगावंसं वाटत होतं, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. पाहणी भाषेची होती, माणसाची नव्हती.

मग मला माझी फाइल आठवली. तिथे बरोबर उलटं झालंय. आजीनं स्वतःची गोष्ट सांगितली, पण आम्ही तिच्यासोबत एक ओळ लिहून ठेवली नाही. ग्रिअर्सनच्या लोकांनी परकी गोष्ट सांगायला लावली, पण कुठली भाषा, कुठला प्रांत, हे लिहून ठेवलं. म्हणून ते आवाज शंभर वर्षांनी माझ्यापर्यंत पोचले. माझ्या आजीचा आवाज माझ्याच फोनमध्ये पाच वर्षं हरवला होता.

जपणं म्हणजे नुसतं साठवणं नाही, मंडळी. स्कॅन केलेलं पान हा शेवटी एक फोटो. त्याच्यासोबत नाव, गाव, साल, विषय लिहिलं, तरच ते शोधात सापडतं. ग्रंथपाल ज्याला 'नोंद' म्हणतात, ती ही.

आणि नोंद कोण करतो, यावरही बरंच ठरतं. सर्व्हेचा मराठीचा सातवा खंड १९०५ साली आला. त्यात कोकणीला मराठीची बोली म्हणून घातलं होतं. पुढे त्यावरून किती वाद झाले, हे गोव्यातल्या श्रोत्यांना मी सांगायला नको. १९९२ मध्ये कोकणी स्वतंत्र भाषा म्हणून घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. पण खंडातलं लेबल अजून तसंच आहे. मोल्सवर्थच्या शास्त्रीपंडितांचंही तेच. नोंद साहेबांच्या नावाची राहिली, शब्द आणणारे मागे राहिले. म्हणून म्हणतो, आपल्या माणसांची नोंद आपण करायला हवी. दुसरा करेल तेव्हा तो त्याच्या कामापुरती करेल.

तर आज एकच काम सांगतो. हा भाग संपला की घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ जाऊन बसा. "रेकॉर्ड करू का?" असं आधी विचारा. "जुनं काहीतरी सांग" असं म्हणू नका, त्यावर "काय सांगू बाबा" एवढंच उत्तर येतं. नेमकं विचारा: घराला दार कसं होतं? रात्री भीती कशाची वाटायची? आणि बोलणं संपलं की फोन लगेच खिशात टाकू नका. स्वतःच्या आवाजात शेवटी म्हणा: आज अमुक तारीख, बोलणारी माझी आजी, गाव हे, आणि ही गोष्ट साधारण या सालची. फाइलला नाव द्या. एक प्रत फोनबाहेर ठेवा.

माझ्या फाइलला मी आता नाव दिलंय: आजी, अडसर, रात्र माहीत नाही.

त्यातलं 'माहीत नाही' एवढंच मला खुपतं. तुमच्या फाइलवर ते यायला नको. भेटू पुढच्या भागात.