चाकणची म्हणून कमअस्सल?

जबलपूरच्या विजय नगरात कुणी जर्मन सेडान दारात आणली, की पेढा तोंडात टाकतानाच पाहुणा विचारतो, “बाहेरून आलीय की इथंच जोडलेली?” ‘पुण्याजवळच्या चाकणची’ असं उत्तर आलं, की पेढ्याची गोडी जरा उतरते. वेगवान आणि आलिशान सेडानचा पिंड तिच्या मूळ कारखान्यातच घडतो, खोक्यांतून आलेले भाग इथं आवळले की नाव तेवढं उरतं, असं हे मत आहे. मोटारींच्या शौकिनांत त्याला जवळजवळ शास्त्रवचनाचा मान आहे. पण हे शास्त्र स्वतःच्याच दैवताला लावून पाहिलेलं दिसत नाही.

ते दैवत म्हणजे मर्सिडीजची 500 ई. 1990 साली पॅरिसच्या प्रदर्शनात ती लोकांपुढे आली. कवच साध्या डब्ल्यू 124 चं, म्हणजे जर्मनीत टॅक्सी म्हणूनही राबणाऱ्या गाडीचं. आत मात्र पाच लिटरचं, आठ सिलिंडरचं, बत्तीस व्हॉल्व्हचं, 326 अश्वशक्तीचं इंजिन. शंभराचा वेग सहा सेकंदांच्या आसपास, आणि 250 वर कंपनीनंच घातलेला लगाम. फुगवलेले मडगार्ड सोडले तर बाहेरून ओळखूही येऊ नये अशी.

ही गाडी मर्सिडीजनं आपल्या नेहमीच्या साखळीवर बांधली नाही. रुंदावलेलं अंग सिंडेलफिंगनच्या त्या साखळीत बसेना. शिवाय त्या काळात घरचे अभियंते नव्या एस-क्लासमध्ये गुंतलेले, आणि शेजारच्या पोर्शकडे विक्री घसरल्यामुळे हात रिकामे. म्हणून 1988 साली काम पोर्शकडे गेलं. भाग सिंडेलफिंगनहून झुफनहाउझनला पोर्शच्या आवारात जात, तिथं सांगाडा उभा राही, रंगासाठी तो परत येई, इंजिन बसवायला पुन्हा पोर्शकडे, आणि शेवटच्या तपासणीसाठी पुन्हा माहेरी. एका गाडीला या येरझाऱ्यांसह अठरा दिवस लागत. 1995 पर्यंत अशा दहा हजारांवर गाड्या निघाल्या. त्याच काळात ओपेलची ओमेगा इंग्लंडात हेथेलला लोटसकडे जाऊन दोन टर्बोचार्जर लावून घेत होती. तिलाही कुणी भ्रष्ट म्हटल्याचं स्मरत नाही.

इथं दुसरी एक दंतकथाही निस्तरायला हवी: 500 ई चं इंजिन पोर्शचं होतं, ही. ते मर्सिडीजचंच, 500 एसएल या दोन आसनी गाडीतून आणलेलं. पोर्शनं केलं ते अधिक अवघड आणि कमी दिसणारं काम. एवढं धूड त्या कवचात बसवायचं, पुढचा भार वाढला म्हणून बॅटरी डिकीत न्यायची, चाकांमधलं अंतर वाढवायचं, गाडी थोडी खाली बसवायची, एसएलचे ब्रेक लावायचे, आणि एवढं करून मागं बसलेल्या उद्योगपतीच्या हातातली कॉफी हिंदकळू द्यायची नाही. गिअरपेटी चार गतींची, आपोआप बदलणारी. त्याच काळातल्या बीएमडब्ल्यू एम 5 ला गिअर हातानं टाकावे लागत आणि तिचं इंजिन वर चढवल्याशिवाय खुलत नसे. दोघी वेगवान, दोघी चार दारांच्या, स्वभाव मात्र निराळे. हा निराळेपणा आखणीतून आला. पाना कुणाच्या आवारात फिरला याचा त्याच्याशी संबंध नाही.

आता पूर्वपक्षाचा बळकट भाग. तो म्हणेल, पोर्शनं नुसती जोडणी केली नाही, आखणीतही हात घातला; चाकणला तसं काय होतं? हे मान्य. 2021 मध्ये चाकणला जोडली जाऊ लागलेली मर्सिडीजची एएमजी ए 35 किंवा त्याच वर्षी चेन्नईत जोडलेली बीएमडब्ल्यू एम 340 आय, या दोघींचा विचार जर्मनीतच पूर्ण झाला होता. सुटे भाग आणले तर जकात पुष्कळ कमी पडते, हे इथल्या जोडणीचं रोकडं कारण आहे. ते लपवण्यात अर्थ नाही.

पण मग तक्रार देशाबद्दल झाली, गाडीबद्दल नाही. हा फरक निदान जबलपूरकराला तरी कळायला हवा. 1959 पासून इथल्या गन कॅरेज फॅक्टरीत आणि पुढे व्हेइकल फॅक्टरीत जर्मन ‘मान’ कंपनीच्या परवान्यावर शक्तिमान ट्रक बनला, निस्सानच्या आराखड्यावर जोंगा बनली. फौजेनं त्या पहाडात, वाळवंटात वर्षानुवर्षं चालवल्या. जबलपूरला बनला म्हणून शक्तिमान घाटात कमी चढला नाही. मात्र शक्तिमाननंतर नवा ट्रक हवा झाला तेव्हा स्टॅलियनचा आराखडा अशोक लेलँडकडून आला आणि एलपीटीएचा टाटांकडून. हात तयार झाले होते, आराखड्याची वही बाहेरच राहिली. हे दुखणं खरं आहे, आणि पेढा खाताना विचारायचंच असेल तर याबद्दल विचारावं.

मर्सिडीज भारतात आली तेव्हाचा एक राग मात्र रास्त होता. 1995 साली टेल्कोच्या पिंपरीच्या आवारात तिची जुळणी सुरू झाली ती डब्ल्यू 124 ची, नेमकी युरोपात तिची जागा नवं मॉडेल घेत असताना. जुनी गाडी आपल्या गळ्यात मारली, ही तेव्हाची कुरकुर चुकीची नव्हती. पण पाहा, पिंपरीच्या ई 220 चं कवच 500 ई चंच. एकीत चार सिलिंडर, दुसरीत आठ. दोघींच्या मोलातला फरक इंजिनानं, ब्रेकनं आणि मडगार्डाखालच्या विचारानं केला. दोघीही अखेर परक्या आवारातच जोडलेल्या होत्या.

तरीही जोडणीनं गाडी बाटते म्हणणारा शौकीन जुन्या 500 ई साठी चढी किंमत मोजायला तयार असतो, आणि कारण विचारलं तर अभिमानानं सांगतो: पोर्शनं जोडलीय.