केलर योजना : गणिताच्या वर्गाची गती कोणाच्या हाती?

१/ महाविद्यालयातील वर्गाला एकच गती असते. प्राध्यापक पुढील प्रकरणाकडे वळले की ज्यांना मागचे उमगले नाही ते मागेच राहतात. गणितात याची किंमत मोठी, कारण बीजगणित कच्चे राहिले तर कलनाची इमारत उभीच राहत नाही. ही कोंडी फोडणारी एक पद्धत गणिताबाहेर जन्मली, तीही ब्राझीलमध्ये.

२/ १९६४. नव्याने वसलेल्या ब्रासिलिया शहराच्या विद्यापीठात फ्रेड केलर, गिल्मर शर्मन, रोदोल्फो आझ्झी आणि कॅरोलिना बोरी यांनी मानसशास्त्राचा अभ्यासक्रम नव्या रीतीने आखला. दुसऱ्या महायुद्धात केलर यांनी मोर्स संकेत शिकवण्याच्या पद्धतीवर काम केले होते. तीत प्रत्येक संकेतानंतर लगेच योग्य अक्षर सांगितले जाई.

३/ तेच तत्त्व येथे आले. अभ्यासक्रमाचे लहान घटक पाडले. विद्यार्थ्याने लिखित साहित्य वाचावे, तयारी झाली की चाचणी द्यावी. घटक पक्का झाल्याखेरीज पुढचा मिळत नसे. मात्र अपयशाला दंड नव्हता. चाचणी तपासून चूक समजावणारा साहाय्यक बहुधा तोच विषय आधी शिकलेला विद्यार्थी असे.

४/ त्याच वर्षी ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता बळकावली. १९६५ मध्ये या विद्यापीठातील दोनशेहून अधिक प्राध्यापकांनी निषेधार्थ राजीनामे दिले. योजना मात्र अमेरिकेत, ॲरिझोना राज्य विद्यापीठात रुजली.

५/ १९६८ मध्ये केलर यांचा 'गुड-बाय, टीचर...' हा लेख प्रसिद्ध झाला. शीर्षकावरून वाटते तसा त्यात शिक्षकाला निरोप नव्हता. व्याख्यात्याची भूमिका सोडून त्याने शिक्षणाची आखणी करावी, असा आग्रह होता. लवकरच गणित, भौतिकी आणि अभियांत्रिकीतही ही पद्धत आली. १९७९ मध्ये अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात तिच्या विद्यार्थ्यांचे परीक्षेतील यश पारंपरिक वर्गांहून सरस आढळले.

६/ तरीही १९८० च्या दशकात ती ओसरली. गतीचे स्वातंत्र्य मिळताच अनेकांनी अभ्यास पुढे ढकलला. शिवाय वारंवार चाचण्या घेणे व तपासणे यांचा भार प्रचंड होता.

७/ हा दुसरा भार संगणकाने उचलला. १९९७ मध्ये व्हर्जिनिया टेकने एका जुन्या दुकानाच्या प्रशस्त जागेत सुमारे ५०० संगणकांचे 'मॅथ एम्पोरियम' उघडले. गणित अडले की विद्यार्थी संगणकावर लाल पेला ठेवी. तो पाहून मदतनीस येई.

८/ म्हणजे चाचणी यंत्राकडे गेली, पण केलर यांचा साहाय्यक गेला नाही. चुकीचे उत्तर यंत्र तत्काळ दाखवते. ते चुकले का, हे शेजारी बसून उलगडणारा माणूस १९६४ मध्ये लागत होता, आजही लागतो. खर्च वाचवण्यासाठी त्यालाच वगळणाऱ्यांनी हा इतिहास एकदा वाचावा.